ठमाबाईची साखर

मनोहर बेलसऱ्यांनी गोड खाल्लं की साखर त्यांच्या मांजरीची वाढते. साताऱ्यात आमच्या गल्लीत हे आता सगळ्यांना माहीत आहे, आणि उन्हाळ्यात दूध नासतं यापेक्षा जास्त महत्त्व त्याला कोणी देत नाही.

मी हेर्लेकर, बेलसऱ्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. बेलसरे पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या चुकीमुळे एकही फाइल अडली नाही. दर वेळी चूक दुसऱ्या कोणाची तरी निघाली. गोड म्हणजे त्यांचा जीव. सकाळच्या चहाबरोबर दोन कंदी पेढे, जेवताना गूळपोळी, चार वाजता पुन्हा पेढे, आणि संध्याकाळी फिरून आल्याबद्दल स्वतःला बक्षीस म्हणून जिलबी. तरीही दर सहा महिन्यांनी रक्त तपासलं की साखर ब्याण्णव. तो कागद ते शर्टाच्या खिशात बाळगत आणि मधुमेह असलेल्या माणसांना रस्त्यात थांबवून दाखवत.

"संयम लागतो, हेर्लेकर," ते मला म्हणत. माझी एकशे सत्तर होती, त्यामुळे मी ऐकून घेई.

ठमाबाई त्यांची मांजर. नऊ वर्षांची, अंगावर तपकिरी ठिगळं, आणि चेहरा असा की तिला आताच कोणीतरी रांगेत मागे ढकललंय. बेलसरे दुपारी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपत तेव्हा ती त्यांच्या पोटावर झोपे. साखर तिथूनच उतरत असावी असं नंतर काही लोक म्हणाले, पण त्या लोकांचं विज्ञान कच्चं होतं.

यंदा संक्रांतीनंतर ठमाबाईची तब्येत बिघडली. ती पाण्याचं भांडं दिवसातून चार वेळा रिकामं करू लागली. मातीचा ट्रे बेलसऱ्यांच्या बायकोला, कुंदावहिनींना, सकाळ-संध्याकाळ बदलावा लागे. खाणं वाढलं आणि वजन घटलं. मग एके दिवशी ती मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून, गुडघेदुखीची म्हातारी चालावी तशी स्वयंपाकघरातून बाहेर आली. कुंदावहिनींनी तिला टोपलीत घातलं, नवऱ्याला आणि मला बरोबर घेतलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टर शमीम तांबोळी या शांत स्वभावाच्या बाई. त्यांनी ठमाबाईच्या कानाच्या कडेला सुई टोचून थेंबभर रक्त काढलं. साखर निघाली चारशे तीस.

"खायला काय देता?" डॉक्टरांनी विचारलं.

"उकडलेलं चिकन आणि कधीतरी बांगडा," वहिनी म्हणाल्या. "भात नाही, पोळी नाही. दूधसुद्धा तिला चालत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "घरात गोड कोण खातं?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. ठमाबाईने टोपलीतून पाहिलं. बेलसऱ्यांनी खिशातला कागद काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

"ब्याण्णव," ते म्हणाले.

"आणि खाता किती?"

बेलसऱ्यांनी यादी सांगितली. कमी करून सांगितली, तरी एका दमात सांगून झाली नाही. डॉक्टरांनी समोरच्या दुकानातून पाव किलो जिलबी मागवली आणि बेलसऱ्यांना खायला सांगितलं. सरकारी दवाखान्यात इतकं चांगलं आतिथ्य असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सगळी संपवली. पाऊण तासाने पुन्हा तपासणी झाली. बेलसरे ब्याण्णव, ठमाबाई चारशे शहाण्णव.

"रुग्ण एक आणि तोंड दुसरं," डॉक्टर म्हणाल्या. "होतं असं. मागच्या आठवड्यात फलटणचा एक घोडा होता. मालकाची सुपारी सुटत नाही आणि घोड्याचे दात गेले."

"म्हणजे मला काही झालेलं नाही ना?" बेलसऱ्यांनी विचारलं.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही."

"मग प्रश्नच मिटला," बेलसरे म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

डॉक्टरांनी त्यांना परत बसवलं. प्रिस्क्रिप्शन दोन भागांत होतं. ठमाबाईला इन्शुलिन, सकाळी सातला दोन युनिट आणि संध्याकाळी सातला दोन युनिट. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची. ती हलवायची नाही, तळहातांत धरून हळू फिरवायची. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सुई द्यायची. आणि पथ्य मनोहर बेलसऱ्यांना: ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, पालेभाजी, ताक. साखर, गूळ, पेढे, जिलबी, बासुंदी, आमरस बंद. इंजेक्शनाच्या आधी जेवण झालंच पाहिजे, कोणत्याही कारणाने चुकवायचं नाही.

"कोणाचं जेवण?" वहिनींनी विचारलं.

"यांचं," डॉक्टर म्हणाल्या. "मांजरीने काय खाल्लं याला साखरेच्या हिशेबाने अर्थ नाही. तिला बासुंदी दिलीत तरी आकडा हलणार नाही. नुसतं पोट बिघडेल."

बाहेर पडताना बेलसऱ्यांनी मला सांगितलं की मांजरांना गोड चव कळतच नाही, हे त्यांनी कुठेतरी वाचलंय. हे त्यांनी स्वतःच्या बाजूचा मुद्दा म्हणून सांगितलं होतं. टोपली धरून पुढे चाललेल्या वहिनी थांबल्या.

"म्हणजे तिला ते मिळालंही नाही," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा चालू लागल्या.

त्या दिवसापासून बेलसऱ्यांच्या घरात वही सुरू झाली. वहिनी तीस वर्षं बालवाडी शिकवून निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळे वहीला खाकी कव्हर आणि समासाला लाल रेघ होती. वेळ, साखर, युनिट, यांनी काय खाल्लं, शेरा. साक्षीदार म्हणून रोज खाली मी सही करायचो. का, ते मला कोणी सांगितलं नाही, पण वरून हाक आली की मी जात असे.

पहिले दहा दिवस आकडे खाली आले. चारशे, तीनशे साठ, तीनशे दहा. बेलसरे भाकरी खाताना असे बसत, जणू शेजारच्या खोलीत कोणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. त्याबद्दल कोणी सहानुभूती दाखवली नाही, कारण सगळी सहानुभूती ठमाबाईला जात होती. सुई टोचताना ती हलत नसे. कान पुढे करायची. गल्लीतल्या बायका येऊन म्हणत, "किती सोसते बिचारी!" बेलसरे ताकाचा पेला घेऊन बाजूला उभे असत.

अकराव्या दिवशी आकडा आला तीनशे नव्वद.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "काल संध्याकाळी फिरायला कुठे गेला होतात?"

"नेहमीसारखा. तळ्यापर्यंत."

"आणि खाल्लंत काय?"

"काही नाही."

वहिनींनी मशीन त्यांच्यापुढे धरलं. "ठमीचा कान काय सांगतोय तो बघा."

"यंत्रात बिघाड असू शकतो," बेलसरे म्हणाले. "दुसरं मशीन मागवा. दोन स्वतंत्र तपासण्यांशिवाय मी हा निष्कर्ष मान्य करणार नाही."

माझ्या घरचं मशीन आणलं. तीनशे ब्याण्णव.

"एकच पेढा," बेलसरे म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "लहान होते." आणखी थोड्या वेळाने त्यांनी दुकानाचं नाव सांगितलं.

नोकरीतला माणूस असा लवकर हार मानत नाही. पुढच्या महिनाभरात बेलसऱ्यांनी एकूण सहा लेखी निवेदनं दिली, सगळी कुंदावहिनींच्या नावे. एकात ठमाबाईची बदली मुलीकडे नाशिकला करावी, अंतरामुळे साखर वाटेत विरून जाईल, असं सुचवलं होतं. दुसऱ्यात युनिटं वाढवावीत आणि त्या प्रमाणात पेढे मंजूर करावेत असा प्रस्ताव होता. हा प्रस्ताव दाखवायला ते मला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

"दोनाऐवजी सहा युनिट द्या," ते म्हणाले. "मी चार पेढ्यांवर थांबतो. दोन्ही बाजू खूश."

"दुसरी बाजू कोणती?" डॉक्टरांनी विचारलं.

बेलसऱ्यांनी निवेदनाची घडी घातली. खरं सांगायचं तर त्यांना हा प्रश्न उद्धट वाटला, असं ते परतताना म्हणाले.

होळीला सगळं फिसकटलं. पुरणपोळीचा वास आमच्या घरातून वर गेला, याबद्दल मी आजही दिलगीर आहे. बेलसरे मीठ मागायला खाली आले आणि मीठ न घेता तीन पोळ्या खाऊन गेले. संध्याकाळी ठमाबाईचा आकडा पाचशेच्या वर गेला. मशीनने आकडाही दाखवला नाही, नुसतं 'हाय' लिहून आलं. तिला उलट्या झाल्या. वहिनी तिला मांडीवर घेऊन बसल्या आणि वहीत शेरा लिहिला: 'लाज.' कोणाची ते लिहिलं नव्हतं, पण सही करताना मी खाली पाहत होतो.

बेलसऱ्यांनी तो शेरा वाचला. त्यांचा चेहरा लाल झाला.

"माझ्या घरात, माझ्या तोंडात काय घालायचं हे मी एका मांजरीला विचारायचं?"

"विचारू नका," वहिनी म्हणाल्या. "ती सांगत नाहीच. फक्त भोगते."

"ठीक आहे. मग आता मी काहीच खात नाही. बघू या कसं चालतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी भाजी आणायला गेल्या होत्या तेव्हा बेलसरे घरातून निघाले. जाताना टेबलावरची भाकरी त्यांनी गुंडाळून खिडकीबाहेर कावळ्यांना घातली. ते सरळ दवाखान्याच्या फाटकावर गेले, सतरंजी पसरली आणि पुठ्ठ्याची पाटी लावून बसले. पाटीवर लिहिलं होतं: 'खाण्याच्या हक्कासाठी बेमुदत अन्नत्याग'. युनियनमध्ये असताना त्यांनी अशी तीन उपोषणं केली होती, आणि तिन्ही दुपारच्या जेवणाआधी यशस्वी झाली होती.

वहिनी परत आल्या. ताट रिकामं होतं. सात वाजले होते. हे जेवून फिरायला गेले असं समजून त्यांनी ठमाबाईला दोन युनिटं दिली.

साडेनऊला वरून हाक आली. ही नेहमीची हाक नव्हती. मी वर गेलो तर ठमाबाई फरशीवर आडवी पडली होती. उठायचा प्रयत्न करायची आणि एका बाजूला कलंडायची. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. मशीनवर आकडा होता एकेचाळीस.

"मध," वहिनी म्हणाल्या. आम्ही तिच्या हिरड्यांना मध चोळला. पाच मिनिटं थांबलो. एकोणचाळीस.

"असं कसं?" मी म्हणालो.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "भावजी, तोंड दुसरं आहे."

मग त्यांना खिडकीखाली कावळे दिसले.

मी फ्रिज उघडला. इन्शुलिनच्या बाटलीमागे, कोथिंबिरीच्या डब्यात, कागदात बांधलेले पेढे होते. ते तिथे आहेत हे घरात सगळ्यांना माहीत असावं, कारण वहिनी काही बोलल्या नाहीत. मी ते घेतले आणि स्कूटर काढली.

दवाखान्यासमोर बेलसरे ताठ बसले होते. दोन म्हशीवाले आणि कोंबडी काखेत धरलेली एक बाई त्यांच्याकडे पाहत उभी होती.

"हे खा," मी म्हणालो.

त्यांनी पेढ्यांकडे पाहिलं आणि मान फिरवली. "कुंदाने पाठवलं तुम्हाला. उपोषण फोडायचा हा फार जुना डाव आहे. आधी मागण्या मान्य करा."

"बेलसरे, ठमी पडलीय. साखर एकोणचाळीस."

"कमी आहे ना? कमी व्हावी म्हणूनच तर एवढे दिवस चाललं होतं."

"अहो, इन्शुलिन देऊन झालंय. तुम्ही जेवलात असं समजून दिलं."

त्यांनी पाटी सरळ केली. चेहऱ्यावर अजून तोच मख्ख कडकपणा होता. मी फोन लावून स्पीकर चालू केला आणि त्यांच्या कानाला धरला.

वहिनी ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अहो, हिला झटके येतायत." आणि त्यांनी फोन ठमाबाईजवळ ठेवला असावा, कारण मग फरशीवर नखं घासल्याचा आवाज येऊ लागला. भराभर आणि एकसारखा.

बेलसऱ्यांनी पुडी माझ्या हातातून ओढली. कागद सोडवायला ते थांबले नाहीत. पहिला पेढा त्यांनी चावलाच नाही.

"किती?" त्यांनी फोनमध्ये विचारलं.

"अडतीस."

दुसरा, तिसरा. त्यांच्या घशात अडकलं. कोंबडीवाल्या बाईने स्वतःच्या बाटलीतलं पाणी पुढे केलं.

"किती, कुंदा?"

"थांबा. थेंब येत नाहीये." नखांचा आवाज चालूच होता. "सदतीस."

चौथा. त्यांच्या हनुवटीवर पिठीसाखर लागली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. आयुष्यभर ज्या माणसाने पेढा जिभेवर ठेवून डोळे मिटले होते, तो आता औषधासारखे पेढे गिळत होता. पाचव्यानंतर त्यांनी विचारलंच नाही. फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून ते नुसते बसून राहिले.

नखांचा आवाज मंद झाला. मग थांबला. तो का थांबला हे आम्हाला कळत नव्हतं.

"बावन्न," वहिनी म्हणाल्या. काही वेळाने म्हणाल्या, "सत्तर. डोकं उचललंय तिने."

बेलसऱ्यांनी फोन मला दिला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. उपोषण सुटलेलं पाहून म्हशीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी झेंडूचा हार आणून त्यांच्या गळ्यात घातला. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला, खाली ओळ होती: 'मागण्या मान्य, ज्येष्ठ नागरिकाचे उपोषण पेढा खाऊन मागे'. ते कात्रण बेलसऱ्यांनी कापून ठेवलं नाही. वहिनींनी ठेवलं.

तेव्हापासून बेलसरे पावणेसातला जेवतात. सकाळीही आणि संध्याकाळीही. लग्नात मांडव सोडून घरी येतात, भाषण चालू असलं तर उठतात. जेवण झालं की ताट वहिनींना दाखवतात, मग सुई. सुईही आता तेच देतात. आधी बाटली तळहातांत फिरवतात, बराच वेळ, गरजेपेक्षा जास्त. पुढच्या काही महिन्यांत दोनाचं एक युनिट झालं, एकाचं अर्धं. गणपतीत त्यांनी आरतीनंतर मोदकाचं ताट पुढच्याकडे सरकवलं आणि हात धुतले. माझ्या बायकोला हे इतकं विचित्र वाटलं की तिने त्यांना ताप आहे का ते विचारलं.

दसऱ्यानंतर ठमाबाईचा आकडा इन्शुलिनशिवाय एकशे बारा आला. ती पुन्हा बोटांवर चालू लागली होती. आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. डॉक्टर तांबोळींनी वही सुरुवातीपासून वाचली, 'लाज' या शेऱ्याशी क्षणभर थांबल्या आणि शेवटच्या पानावर लिहिलं: 'इन्शुलिन बंद. पथ्य चालू.'

"आता एक फॉर्म भरायचा राहिला," त्या म्हणाल्या. "खिडकीवर मिळेल."

खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म पुढे केला. रुग्ण: ठमा. वय: दहा. तोंड: मनोहर बेलसरे. त्याखाली एक रिकामा रकाना होता.

"हे काय?" बेलसऱ्यांनी विचारलं.

"मांजरी साधारण पंधरा-सोळा वर्षं जगतात," बाई म्हणाल्या. "तिच्यानंतर तुमची साखर कोणाच्या नावावर करायची, ते लिहा. रिकामं सोडलं तर जवळच्या माणसाला आपोआप लागते."

बेलसऱ्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी भिंतीवरचा गाईंच्या जातींचा तक्ता वाचत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं आडनाव इतक्या लहान रकान्यात बसणार नाही, हे मी लगेच स्पष्ट केलं. टोपलीत ठमाबाई पंजा चाटत होती.

ते बराच वेळ पेन धरून उभे राहिले. मागची रांग कुरकुरू लागली. मग त्यांनी नीट, हेडक्लार्कच्या गोल अक्षरात लिहिलं आणि कागद आत सरकवला. बाईंनी वाचलं आणि चष्मा वर केला.

"स्वतःचंच नाव? असं कोणी लिहीत नाही हो."

"मनाई आहे का?"

बाईंनी नियमांची फाइल काढली, पानं उलटली, आत जाऊन कोणाला तरी विचारून आल्या. "मनाई नाही. फक्त आजवर अर्ज आलेला नाही." त्यांनी शिक्का मारला. "दर नोव्हेंबरला मांजरीचा हयातीचा दाखला आणून द्यायचा. ती आहे तोवर तिच्याकडे, नंतर तुमच्याकडे."

"मला माझाही द्यावा लागतो नोव्हेंबरात," बेलसरे म्हणाले. "पेन्शनसाठी."

"मग दोघांचा एकाच दिवशी करा."

त्याप्रमाणे परवा ते दोघं ट्रेझरीत जाऊन आले. रांग मोठी होती. टेबलावरच्या कारकुनाने आधी ठमाबाईकडे आणि मग बेलसऱ्यांकडे पाहून, दोघंही हयात असल्याची नोंद केली.